चार दिवसांत वर्षाची झीज

मावशीच्या घरात खुर्ची कुठेच दिसेना, तेव्हा खुर्चीवाले घरभर शोधत सुटले. बाहेरच्या खोलीत नव्हती, खिडकीपाशी नव्हती, आतल्या खोलीतही नव्हती. शेवटी मावशीने माळ्याकडे बोट दाखवलं. तिथे जुन्या ट्रंकेच्या मागे काहीतरी उभं होतं, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आणि वरून सुतळीने आवळलेलं. गाठी अशा मारल्या होत्या की मारणाऱ्याचा त्या सोडायचा काही विचार नाही, हे खालूनही कळत होतं.

"ही वर काय करतेय?" खुर्चीवाल्यांनी विचारलं.

"नीट ठेवलीय रे. धूळसुद्धा बसू दिली नाही."

"धूळ नाही मावशी, तू बसायचं होतंस."

"एवढी देखणी वस्तू. तिच्यावर रोज कसं बसायचं?" असं म्हणत मावशीने पायाने एक बुटकं स्टूल ओढलं आणि त्यावर चढून सुतळीचं टोक शोधायला लागली.

ते स्टूल बघून खुर्चीवाल्यांच्या कपाळाला आणखी एक आठी पडली. सात वर्षांपूर्वी, करवत हातात नीट धरताही येत नव्हती तेव्हा उरल्यासुरल्या फळीतून त्यांनी ते ठोकलं होतं. एक पाय आखूड होता. मावशीने त्याखाली जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा चिकटवला होता. गेल्या वर्षी खुर्ची पोचवायला आले तेव्हा त्यांनी बजावून सांगितलं होतं, "आता खुर्ची आली. हे वाकडं स्टूल टाकून दे."

"हे अजून टाकलं नाहीस?"

"टाकते, टाकते," मावशी म्हणाली. हेच ती गेलं वर्षभर म्हणत होती.

खुर्ची खाली आली. प्लॅस्टिक सुटलं. वार्निशचा वास अजून गेला नव्हता. वेताची बैठक ताठ, हत्ते चकचकीत, कुठे ओरखडा म्हणून नाही. दुसऱ्या कुणाही कारागिराला आपलं काम असं जपलेलं बघून आनंद झाला असता. खुर्चीवाले मात्र मटकन खाली बसले. खाली ते स्टूलच होतं.

"वर्षभर मी तुला विचारत होतो, खुर्ची कशी आहे म्हणून. तू काय म्हणायचीस?"

"अगदी होती तशी आहे," मावशी म्हणाली. "मग? खोटं बोलले का मी?"

त्यांना हे ऐकून वर्षभर किती बरं वाटत होतं, ते आठवून आता आणखीच वाईट वाटलं.

यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. तर खुर्चीवाले ज्या कारागीर मंडळाच्या दारात तीन वर्षं उमेदवार म्हणून उभे होते, त्या मंडळाचा एक नियम होता. इतर मंडळांच्या प्रदर्शनात नव्या, न वापरलेल्या वस्तू मांडतात. या मंडळात नवी वस्तू दारातूनच परत जायची. जी काय मांडायची ती आधी वर्षभर दुसऱ्याच्या घरात वापरलेली असली पाहिजे. तिच्यावर डाग पडलेले, कडा झिजलेल्या, कपाचे कान तुटून पुन्हा जोडलेले, सगळं चालायचं. वस्तूशेजारी एक कार्ड लावायचं आणि त्यावर वापरणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे. 'नवेपणी सगळंच गोड दिसतं, वर्षाने बोला,' असं मंडळाच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं. या अध्यक्षबाई चाळीस वर्षं मातीची भांडी भाजत आल्या होत्या. त्यांना सगळे, अर्थात पाठीमागे, भट्टीबाई म्हणत.

उमेदवाराला तीन वर्षांत तीन संधी. पहिल्या वर्षी खुर्चीवाल्यांनी केलेलं पुस्तकांचं कपाट मालकासकट परगावी बदलून गेलं. दुसऱ्या वर्षी त्यांची झुलती खुर्ची ज्या गृहस्थांकडे होती, त्यांनी ती दहा दिवसांसाठीसुद्धा सोडायला साफ नकार दिला. ही खरं तर केवढी मोठी पावती, पण मंडळाच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नव्हता. आता ही तिसरी संधी. ही हुकली की पुढची पाच वर्षं अर्जच करता येत नव्हता. खुर्चीवाल्यांनी कचेरीतली नोकरी मुदतीआधी सोडून रंधा हातात घेतला होता, आणि आता त्यांचं वय छप्पन्न होतं. 'मंडळाचे सभासद' एवढे दोन शब्द आपल्या दारावरच्या पाटीवर लिहायचे, या एका गोष्टीसाठी ते झुरत होते. पाटीवर त्यांनी तेवढी जागासुद्धा मोकळी सोडली होती.

तपासणी शुक्रवारी होती. आज रविवार होता.

ते खुर्ची घेऊन घरी आले आणि बायकोला सगळं सांगितलं. बायको शाळेत गणित शिकवायची. तिने डोक्याला हात लावण्यात वेळ घालवला नाही, वही उघडली.

"मावशी रोज दोन तास बसल्या असत्या असं धरू. वर्षाचे सातशे तीस तास. आपल्याकडे सोमवार ते गुरुवार, सकाळी सात ते रात्री नऊ. चौदा चोक छप्पन्न."

"म्हणजे मेलोच आपण."

"अहो, थांबा. ते वजनाने भरून काढू. मावशी बेचाळीस किलो. माझा भाऊ एकशे सव्वीस. म्हणजे तिप्पट. तो एक तास बसला की मावशींचे तीन तास झाले. छप्पन्न त्रिक एकशे अडुसष्ट मावशी-तास."

"तरी पाचशे बासष्ट राहिले," खुर्चीवाले म्हणाले. पण आता त्यांच्यातला कारागीर जागा झाला होता. "एक मात्र आहे. खुर्ची नुसतं बसल्याने झिजत नाही. उठबस केल्याने झिजते."

"मग त्याला दर दहा मिनिटांनी उठवू," बायको म्हणाली आणि तिने वहीत गुणाकार केला. "नाहीतर हत्त्यांना जरा पॉलिश पेपर मारला तर?"

खुर्चीवाले दुखावले. "पॉलिश पेपर मारणं ही फसवणूक झाली. माणूस बसणं ही फसवणूक नाही." हा फरक त्यांना स्वतःला अगदी स्वच्छ दिसत होता.

मेहुणे सोमवारी सकाळी सातला हजर झाले. एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, अशी त्यांची नोकरी होती आणि ती कुठूनही करता यायची. त्यांनी खुर्चीकडे प्रेमाने पाहिलं.

"दाजी, म्हणजे नुसतं बसायचं?"

"नुसतं बसायचं. दर दहा मिनिटांनी उठायचं आणि परत बसायचं."

"ताई, आयुष्यभर तू मला 'ऊठ, ऊठ' म्हणत आलीस," मेहुणे सावकाश खुर्चीत विसावत म्हणाले. वेताने एक लांब सुस्कारा सोडला. "आज पहिल्यांदा माझी कदर झाली."

मेहुण्यांनी कामात कसूर केली नाही. संध्याकाळपर्यंत बैठक बोटभर खाली गेली. ग्राहक ओरडायला लागला की ते तोंडाने 'होय सर, होय सर' म्हणत आणि अंगठ्यांनी हत्ते घासत. त्या दिवशी ग्राहक फार ओरडले. मंगळवारी दुपारपर्यंत दोन्ही हत्त्यांच्या टोकांचं वार्निश गेलं. चहाचा गरम पेला ठेवल्यामुळे उजव्या हत्त्यावर एक पांढरं कडं उमटलं. ते बघून खुर्चीवाल्यांना आत कुठेतरी चरचरलं, पण बायकोने वहीत त्याचे दहा मावशी-तास धरले.

मेहुण्यांना जेवायची सुट्टी द्यावी लागे. तेवढ्यापुरतं वरच्या मजल्यावरच्या तिघा निवृत्त गृहस्थांना बोलावलं. एक खुर्चीत आणि दोघे हत्त्यांवर, अशी त्यांची पत्त्यांची बैठक जमली. चौथा पाठीला रेलून पानं बघायचा. हा चौथा कोण, ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. शेजारीण शिवणाचं काम घेऊन आली. तिच्यामागून तिची मांजर आली, आणि तिने मागच्या डाव्या पायाला नखांची धार लावून घेतली. शेजारधर्म पाळायला लोकांना एरवी कष्ट घ्यावे लागतात. इथे नुसतं बसायचं होतं, त्यामुळे मदतीला अंतच राहिला नाही.

बुधवारी संध्याकाळी बायकोच्या वहीत वर्ष पूर्ण भरलं. तिने खाली दोन रेघा मारल्या. पण शेजाऱ्यांना वहीचं काय माहीत? पत्त्यांचा डाव अर्धा राहिला होता, तो गुरुवारी पुढे सुरू झाला. मेहुण्यांना तर आता दुसऱ्या खुर्चीत बसवेना. गुरुवारी दुपारी वेताची एक पट्टी तुटली, पाठीवर मेहुण्यांच्या डोक्याचा काळसर ठसा उमटला आणि उजवा सांधा कुरकुरायला लागला.

"जरा जास्त झालं का हो?" बायकोने विचारलं.

"कमी पडण्यापेक्षा बरं," खुर्चीवाले म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

शुक्रवारी मेहुण्यांनी ओळखीचा टेम्पो आणला. मावशीला वाटेत घ्यायचं होतं, कारण वापरणाऱ्याने तपासणीला स्वतः हजर राहायचं असा नियम होता. मावशी आली ती ते वाकडं स्टूल हातात घेऊन.

"ते कशाला?"

"तिथल्या खुर्च्या उंच असतात. माझे पाय लोंबकळतात, मुंग्या येतात. पायाखाली घ्यायला नको का काही?"

"कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नकोस," खुर्चीवाले म्हणाले. मग वाटभर त्यांनी मावशीकडून एकच उत्तर पाठ करून घेतलं: "रोज बसते. आरामशीर आहे."

मंडळाचा हॉल लांबट होता. दोन्ही बाजूंना टेबलं, आणि भिंतीवर जागोजागी 'हात लावून पाहावे' अशा पाट्या. तांब्याच्या किटलीशेजारी कार्ड होतं, 'पाणी लवकर तापतं. हातसुद्धा.' हातमागाच्या चादरीवर लिहिलं होतं, 'दोनदा धुतली, रंग गेला नाही. तिसऱ्यांदा गेला.' ही कार्डं वाचत सभासद खुशाल हसत होते. ज्यांच्या वस्तू होत्या तेही हसत होते. आपणही एक दिवस असेच इथे उभं राहून हसावं, असं खुर्चीवाल्यांना फार वाटलं.

भट्टीबाई आल्या. त्यांनी खुर्चीला एक चक्कर मारली. बैठक दाबली, हत्त्यावरून तळवा फिरवला, सांध्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं. मग सरळ उभ्या राहिल्या.

"हिला किती वर्षं झाली?"

"एक," खुर्चीवाले म्हणाले.

"रोज बसते. आरामशीर आहे," मावशी म्हणाली. ती हॉलमधल्या उंच खुर्चीत, स्टुलावर पाय ठेवून बसली होती.

"तुम्हाला विचारीन, थांबा," भट्टीबाई म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं लोकांच्या वस्तू तपासतेय. ही खुर्ची पंधरा वर्षांच्या खाली नाही. वीस म्हणालात तरी मानेन. तुम्ही हे काम कधी सुरू केलंत?"

"सात वर्षं झाली."

"मग ही तुम्ही केली कशी? कुठल्या जुन्या बाजारातून उचललीत?"

खुर्चीवाले मनात हिशोब करायला लागले. खुर्ची आपली आहे हे सिद्ध करायचं, तर ती वर्षभर वापरलीच नाही हे कबूल करावं लागणार. वापरली म्हणून अडून बसायचं, तर दुसऱ्याचं काम आपलं म्हणून आणल्याचा ठपका येणार. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यांनीच खणलेली.

"बाई, दाजींचीच आहे," मेहुणे पुढे झाले. "मी स्वतः चार दिवस..." बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला. मेहुणे गप्प झाले, पण आता मावशी गप्प बसणार नव्हती.

"त्याला चोर ठरवू नका," ती स्टुलावर पाय आपटत म्हणाली. "माझ्या भाच्याने दुसऱ्याची काडीसुद्धा कधी उचलली नाही. खुर्ची त्याचीच आहे. वर्षभर माझ्या माळ्यावर होती, प्लॅस्टिकमध्ये. मी एक दिवससुद्धा वापरली नाही. हे बघा, प्लॅस्टिक पिशवीत आहे माझ्या, दाखवू का?"

"मग ही झीज?"

"सोमवार ते गुरुवार," मेहुणे पायाची पर्वा न करता म्हणाले. "त्यातले निम्म्याहून जास्त तास माझे आहेत."

आता लपवायला काही उरलंच नव्हतं. बायकोने वही पुढे केली. भट्टीबाईंनी चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचली.

"मावशी-तास म्हणजे?"

बायकोने वर्गात सांगावं तसं सांगितलं. सभासद तोंडं फिरवून खोकायला लागले. भट्टीबाईंनी वही मिटली.

"गणित बरोबर आहे. खुर्चीही चांगली केलीय, इतक्या माणसांना पुरून उरली. पण हिच्यावर जे बसले त्यांतल्या एकालाही बसायची गरज नव्हती. ही मला घेता येणार नाही."

"बरोबर आहे तुमचं," खुर्चीवाले म्हणाले. मोकळ्या जागेची ती दारावरची पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. "चूक माझी आहे. मावशी, चल."

मावशी खुर्चीतून उतरली. वाकली, स्टुलाच्या मधल्या खाचेत चार बोटं घातली आणि ते उचलून निघाली.

"थांबा," भट्टीबाई म्हणाल्या. "ते काय आहे?"

"काही नाही," खुर्चीवाले घाईघाईने म्हणाले. "ते घरचं आहे."

भट्टीबाईंनी ते मावशीच्या हातातून घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. खाचेच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथलं लाकूड बोटांनी झिजून गोल, गुळगुळीत झालं होतं. वरच्या फळीला मधोमध हलकासा खळगा पडला होता. "याचं तुम्ही काय करता?"

"काय करत नाही ते विचारा," मावशी म्हणाली. "यावर बसून भाजी निवडते, यावर चढून माळ्यावरचं काढते, पाय यावर ठेवते, पंख्याची धूळ यावरूनच पुसते, पाव्हणा जास्त आला की त्याला देते, नसला तर फोन ठेवते. दारातून वारा आला की दाराला लावते. सात वर्षं झाली."

"कुणी केलं?"

मावशीने भाच्याकडे पाहिलं. नाव सांगायचं नाही हे तिला पक्कं आठवत होतं.

"मी," खुर्चीवाले खाली बघत म्हणाले. "पण ते धरू नका बाई. पहिलंवहिलं काम आहे. त्याचा एक पाय..."

"मला पाय दिसतोय," भट्टीबाई म्हणाल्या आणि त्यांनी कोरं कार्ड काढलं. "तुम्ही बोला मावशी. तुमचे शब्द, जसेच्या तसे."

मावशी पुढे वाकून हळू आवाजात बोलली, पण मंडळाचा नियम म्हणजे नियम. संध्याकाळी स्टूल टेबलावर चढलं तेव्हा कार्डावर लिहिलेलं होतं, 'एक पाय आखूड आहे, पण त्याला सांगू नका, त्याला वाईट वाटतं.' ते कार्ड वाचून सगळा हॉल हसला. त्यानंतर सभासदत्वासाठी हात वर करायला सांगितलं, तर तीन-चार जणांनी भरात दोन्ही हात वर केले. भट्टीबाईंनी त्यांचा एकेकच मोजला.

प्रदर्शन दहा दिवसांचं होतं. तेवढे दिवस मावशीकडे बसायला काही नको का, म्हणून खुर्चीवाल्यांनी ती कुरकुरणारी खुर्ची परत तिच्या खिडकीपाशी नेऊन ठेवली. मावशी जरा बिचकतच बसली. मग तिने खाली पाहिलं आणि दोन्ही टाचा जमिनीवर आपटून बघितल्या.

"टेकले," ती म्हणाली.

"काय?"

"पाय. आणलीस तेव्हा लोंबत होते. आता तुझ्या मेहुण्याने चांगली तीन बोटं खाली बसवलीय."

खुर्चीवाल्यांनी वाकून तिच्या टाचा पाहिल्या. खुर्ची करताना त्यांनी लाकूड चारदा मोजलं होतं. मावशीला एकदाही मोजलं नव्हतं.

"मग सांगायचंस ना तेव्हाच."

"कसं सांगू? केवढ्या हौसेने आणली होतीस. बरं, पायाखाली स्टूल घ्यावं, तर तू म्हणालास खुर्ची आली, आता स्टूल टाक. मग मी खुर्चीच वर टाकली," मावशी म्हणाली. "प्लॅस्टिक आपलं घरात होतं म्हणून गुंडाळलं."

खुर्चीवाले घरी गेले आणि त्यांनी दारावरच्या पाटीवर दोन शब्द लिहिले. अक्षर जरा तिरकं आलं.

सभासद झाला तरी माणसाचा स्वभाव जात नाही. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टीबाई हॉलमध्ये आल्या, तर खुर्चीवाले पिशवीतून छोटा रंधा काढून टेबलाखाली वाकलेले. "बाकीचे तीन पाय जरा कमी केले की सारखं होईल," असं ते म्हणाले. दुपारी मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच एक वेगळी पाटी रंगवून आली आणि ती स्टुलाच्या खाचेतून दोऱ्याने बांधण्यात आली.

दहा दिवसांनी स्टूल मावशीच्या घरी परत आलं, पाटीसकट. मावशी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, पाय जमिनीवर होते आणि भाजीची परडी समोर स्टुलावर होती. खुर्चीवाले चहा पिता पिता त्या आखूड पायाकडे बघत होते.

"दोन मिनिटांचं काम आहे मावशी. तेवढा एक..." ते म्हणाले आणि त्यांनी पिशवीत हात घातला.

मावशीने शेंग मोडता मोडता पायानेच स्टूल जरा फिरवलं. पाटी त्यांच्या समोर आली. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'करणाऱ्याने हात लावू नये.' खुर्चीवाल्यांनी पिशवी बंद केली आणि शेंगा मोडायला घेतल्या.